शनिवारची झोप

आमच्या घरात झोपेइतकी महाग वस्तू दुसरी नाही, हे मला लग्न होऊन सुरतेला आले त्याच आठवड्यात कळलं. नवरा हजिऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. कधी पहिली, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. तो रात्रपाळी करून आला की सासूबाई ओठांवर बोट ठेवून घरभर फिरायच्या आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅससमोर पहारा द्यायची. लिंबायतमधलं आमचं घर, समोरच्या गाळ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, अखंड खडखडत असतात. त्यांचं कुणाला काही वाटत नाही. सुनेच्या हातून चमचा पडला की मात्र सगळं घर दचकतं. माझं माहेर नगरचं. आम्ही शेजारी बसलेल्याशीही गच्चीवरून हाक मारल्यासारखं बोलतो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी जवळजवळ खुणांवर संसार केला.

शिफ्ट या घराच्या हाडात मुरली आहे. सासरे लूमवर होते, त्यांनीही आयुष्यभर दिवसपाळी-रात्रपाळी केली. त्यामुळे इथे कुठलीही गोष्ट सकाळी किंवा संध्याकाळी होत नाही. ती ‘ड्यूटीच्या आधी’ होते किंवा ‘ड्यूटीच्या नंतर’. आंघोळ ड्यूटीच्या आधी, भाकरी ड्यूटीच्या आधी, नवऱ्याची पित्ताची गोळीही ड्यूटीच्या आधी. मग ती ड्यूटी पहाटेची असो, दुपारची असो की रात्रीची. भिंतीवरचं घड्याळ आम्ही बहुधा पाहुण्यांसाठी लावलं असावं. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. पुढे मीही ऑफिसला जायला लागले, पर्वत पाटियाजवळच्या साड्यांच्या मार्केटमध्ये, आणि मलाही हीच भाषा कधी लागली ते समजलं नाही.

अशा घरात आमची मुलगी जन्माला आली, जिला झोपेचं काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं.

पोर गोड. पण एका जागी टिकेल तर शपथ. एक मोजा पायात घातला की दुसरा हातात घेऊन ती खिडकीत, खिडकीतून समोर कुत्रं दिसलं की मोजा तिथेच, आणि आपण रिक्षावाल्या काकांची माफी मागतोय. सासूबाई घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करतात. त्यांच्याजवळ बसून तीसुद्धा उरलेल्या चिंधीवर फूल काढायला घ्यायची. एक पाकळी व्हायची, दुसरी अर्धी व्हायची, आणि खडे चिकटायचे ते मांजराला. मांजर चकाकत गल्लीभर फिरायचं. आम्ही हसायचो. शाळेतल्या बाई मात्र हसत नव्हत्या. तिसरीत गेली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि फार नीटपणे, न रागावता सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण बोललेलं वाक्य तिच्यापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, तुम्ही डॉक्टरांना दाखवा.

मी शाळेतून येताना रिक्षात भयंकर चिडले होते. बाईंवर, शाळेवर, आणि ‘भाभी, हवे क्यां लऊं?’ असं, आता कुठे घेऊ म्हणून विचारणाऱ्या रिक्षावाल्यावरसुद्धा. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मशीनमधून आवाज यायला लागला तर आपण मशीनवर चिडतो का? दाखवायचं.” मला त्या माणसाचा हा थंडपणा कधीकधी असह्य होतो. पण आम्ही दाखवलं.

डॉक्टरीणबाई गुजराती, मुलांच्या मनाच्या आणि मेंदूच्या डॉक्टर. बोलणं हिंदीत सुरू करायच्या, रंगात आल्या की गुजरातीत जायच्या आणि आमच्यासाठी मधूनच एखादा मराठी शब्द पेरायच्या. बऱ्याच भेटी झाल्या, आम्हाला आणि शाळेला पुष्कळ प्रश्न विचारून झाले, मग त्यांनी सांगितलं की हे एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि शरीर थांबत नाही. वर हेही सांगितलं की पोर आळशी नाही, हट्टी नाही आणि तुम्ही तिला बिघडवलेलंही नाही. त्या शेवटच्या वाक्याला माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. काही महिने नुसतं वागणं-वळण, वेळापत्रक, लहान लहान कामं असं चाललं. त्याने थोडं सुधारलं, पुरेसं नाही. तेव्हा त्यांनी एक गोळी सुरू केली. दिवसभर काम करणारी, रोज एकच. “पेट भरके खिलाना, फिर गोली, फिर स्कूल,” असं त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याने मान डोलावली. ड्यूटीच्या आधी. इतकी सोपी गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागत नाही.

त्या गोळीने काय झालं ते मी कुणाला सांगायला गेले की माझा आवाज बदलतो. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर सासूबाईंनी माझ्यासमोर एक चिंधी धरली. तिच्यावर एक फूल होतं. पाचही पाकळ्या, मधला गोल, देठ आणि दोन पानं, सगळं पूर्ण. त्याच संध्याकाळी पोरीने मला शाळेत काय झालं ते सांगितलं. कुणाची बाटली सांडली, कुणाच्या वहीवर सांडली, बाई काय म्हणाल्या आणि मग काय झालं. सुरुवात, मधलं, शेवट. आठ वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मुलीच्या तोंडून एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. गोष्टीत दम नव्हता, पण मी ती तिला पुन्हा सांगायला लावली.

आणि मग झोप गेली.

तशी ती आधीही उशिराच झोपायची, पण आता कहर झाला. गाद्या घातल्या की हिची दुकानं उघडायची. मासे झोपताना डोळे कसे मिटतात? लूमला झोप येते का? पप्पांच्या बसला आपलं घर कसं सापडतं? दहा वाजायचे, अकरा वाजायचे, बारा वाजून जायचे, आणि पोर छताकडे टक्क बघत पडलेली. सकाळी सातला आमच्याकडे नळाला पाणी येतं. एकदा का पाणी आलं की बादल्या, पिंप, मोटर, शेजारणींची हाकाटी. त्यात कुणाचीही झोप शिल्लक राहत नाही. म्हणजे उशिरा झोपून उशिरा उठण्याचीही सोय नव्हती. पोरीच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. दुपारी शाळेत जाताना तिची चिडचिड, संध्याकाळी रडारड.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. सासूबाईंनी काशाची वाटी काढली आणि तूप लावून तिचे तळपाय घासायला घेतले. पोरीला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि उरलीसुरली झोपही उडाली. दुधात जायफळ झालं. नवऱ्याने सांगितलं की दमवा तिला, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत पळायच्या शर्यती लावल्या. त्यात तो स्वतः दमून जेवायच्या आधीच घोरायला लागला. शेजारच्या काकी तर सरळ म्हणाल्या, “शरदीनी दवा आपी दो ने, ऊंघी जशे!” सर्दी नसताना सर्दीचं औषध द्यायचं, का तर त्याने गुंगी येते. त्यांनी स्वतःच्या नातवाला दिलं होतं म्हणे. माझं डोकंच फिरलं. काकींशी मी पुढे चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी खमण पाठवलं म्हणून बोलले.

डॉक्टरीणबाईंकडे मी हे सर्दीच्या औषधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “बेन, ये कभी मत करना. गुंगी अलग, नींद अलग.” त्यांनी आमच्याकडून जायफळाचंही वदवून घेतलं आणि तेही बंद करवलं. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग बाईंनी रात्रीसाठी एक दुसरी गोळी लिहून दिली, मेलॅटोनिनची. ही पाडून झोपवत नाही, आता रात्र झाली एवढं शरीराला सांगते, असं त्यांनी समजावलं. मेडिकलवाला तर काय, मागाल ते देईल. पण मला विचारल्याशिवाय डोस वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, बंदही करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. गोळी दिली की दिवे मंद, टीव्ही बंद, मोबाइल बंद. आणि मग, पोर समोरच्या खुर्चीत पाय हलवत बसलेली असताना, त्या म्हणाल्या, “महिनाभर पाहू. नाहीच झोप लागली तर मग दिवसाची गोळी बंद करून दुसरा विचार करावा लागेल. वाढत्या मुलाला झोपेशिवाय ठेवता येत नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तरी मला वाटलं, कुणीतरी ते पाच पाकळ्यांचं फूल माझ्या हातून काढून घेतंय.

घरी परतल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि जे बोलायचं होतं ते बोलल्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. साठ वर्षांतली पस्तीस सुरतेत गेली, पण घरात अहिराणी सोडून बोलत नाहीत. त्यांच्या बोलीत झोपणं म्हणजे जपणं. “दिनले जागाडानी गोयी, रातले जपाडानी गोयी. पोर शे का मशीन शे?”

मी म्हटलं, “आई, ती जागं ठेवायची गोळी नाही, लक्ष लागायची आहे.”

“मंग लक्ष लागी ग्ये ना! आते सगळं ध्यान छतकडे शे.”

नवरा भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी त्याच्यावरही चिडले.

महिना सुरू झाला. रात्री नऊ वाजले की आमच्या घरात अंधार व्हायचा. सासूबाई त्यांची मालिका आवाज बंद करून बघायला लागल्या, मग डॉक्टरीणबाईंना ते कळलं तर काय या भीतीने टीव्हीवर चादर टाकायला लागल्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं आमची लाइट गेली. एकजण मदतीला टॉर्च घेऊन आला. नवरा दुसऱ्या शिफ्टवरून रात्री यायचा तो अंधारात चाचपडत, एकदा भाजी समजून लोणच्याची अख्खी वाटी पुढ्यात घेऊन बसला. मला म्हणाला, “ती रात्र झाल्याचं सांगणारी गोळी मला पण दे, मला तर वर्षानुवर्षं कुणी सांगितलेलंच नाही.”

आणि चमत्कार झाला. चार-पाच दिवसांत पोरीचे प्रश्न बंद झाले. गादीवर पडली की डोळे मिटायची, हूं नाही की चूं नाही. मी दाराशी उभी राहून बघायची. शांत चेहरा, संथ श्वास. माझा आनंद गगनात मावेना. ऑफिसात पेढेच वाटायचे बाकी होते. नवऱ्याला सांगितलं, नगरला आईला फोन करून सांगितलं, शेजारच्या काकींना तर मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. डोळ्यांखालचं काळं तसंच होतं. एकदा शाळेतून निरोप आला की पहिल्याच तासाला बाकावर डोकं ठेवून झोपली. दुपारच्या शाळेत, जेवून गेलेली मुलं पेंगतातच, असं मी स्वतःला समजावलं. मनात मात्र धाकधूक होती. महिना संपत आला होता.

इकडे सासूबाईंचा वेगळाच हिशेब चालला होता. त्या दर शनिवारी नातीला घेऊन मारुतीला जातात. तेल, रुईच्या पानांची माळ, नारळ. गोळीवर त्यांचा विश्वास नव्हताच, जायफळही काढून घेतलेलं, तेव्हा त्यांनी सगळं प्रकरण मारुतीवर सोपवलं होतं. आणि त्यांचं ठाम म्हणणं होतं की शनिवारी पोरीला झोप लागते ती त्याच्यामुळे. मी लक्ष दिलं नाही. मग त्यांना वाटलं, मंगळवारही मारुतीचाच की. म्हणून मंगळवारीही न्यायला लागल्या. बुधवारी सकाळी चहा घेताना त्यांचा चेहरा मला आठवतो. देवाने एक दिवस पावावं आणि एक दिवस पावू नये, हे त्यांना पटतच नव्हतं. तेलात काही खोट असेल म्हणून त्यांनी दुकान बदललं. पुढच्या मंगळवारीही काही झालं नाही. “शनवारना मारुती तोच, मंगळवारना मारुती तोच,” त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

महिना भरल्यावर आम्ही सगळेच दवाखान्यात गेलो. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. आणि सासूबाई ‘मी येणारच’ म्हणून लुगडं नेसून आधीच रिक्षात बसल्या होत्या. मी बाईंना आनंदाने सांगायला सुरुवात केली की आता दहाच्या आत झोपते, काही त्रास नाही. बाई लिहून घेत होत्या. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, “खोटं शे.”

मी वळून बघितलं. माझ्या तोंडावर, डॉक्टरांसमोर!

“पोर मन्हा जोडे जपस ना? मग माले म्हाईत. शनवारले ती घोरस. बाकीना दिन नुसती डोया मिटीसन पडी ऱ्हास. मी काय खोटं बोलस का?”

नवऱ्याने भाषांतर केलं. पोर आजीजवळ झोपते, शनिवारी घोरते, इतर दिवशी नुसती डोळे मिटून पडून असते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पोरीकडे पाहिलं. “सच्ची, बेटा?” पोर जमिनीकडे बघत राहिली. तिचे पाय हलायचे थांबले होते. बाईंनी तिला पुन्हा विचारलं नाही. त्यांनी खुर्ची सासूबाईंकडे वळवली आणि म्हणाल्या, “शनिवारे शुं थाय छे, माजी?”

झालं. सासूबाईंना आयुष्यात इतका चांगला श्रोता मिळाला नसेल. तेल, माळ, नारळ, मंगळवारचा फसलेला प्रयोग, बदललेलं दुकान, सगळं सांगून झालं. माझी मान शरमेने खाली. इतक्या शिकलेल्या बाईसमोर आमची ही मारुतीची कथा! बाई मात्र हसू दाबत अगदी मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, मारुतीशिवाय शनिवारी आणखी काय वेगळं असतं?

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. खिचडी असते, नवरा म्हणाला. माझा हाफ डे असतो, मी म्हटलं. तेव्हा जमिनीकडे बघणारी पोर हळूच बोलली, “शनिवारी शाळा सकाळी असते ना.”

“अने बीजा दिवसे?”

“बारा वाजता.”

“बारा?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “तो गोली कब देते हो?”

“शाळेच्या आधी,” नवरा अभिमानाने म्हणाला. “पोटभर जेवून, मग गोळी, मग शाळा. एक दिवस चुकवलेला नाही. रविवारीसुद्धा त्याच वेळेला, साडेअकराला.”

बाई मोठ्याने हसल्या. आधी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मी विचारायला हवं होतं, त्या म्हणाल्या. माझी मुलं सकाळच्या शाळेत, माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं सकाळच्या शाळेत, म्हणून मी हिचंही तसंच धरून चालले. दिवसभर काम करणारी गोळी तुम्ही जवळजवळ दुपारी देता, तर तिचा दिवस रात्री उशिरापर्यंत चालणारच. शनिवारी ती शाळेआधी म्हणजे सकाळी साडेसहाला गोळी घेते. संध्याकाळी गोळी उतरते. रात्री पोर घोरते.

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरातल्या प्रत्येक माणसाची ड्यूटी सांभाळणारा माणूस, आणि गोळीची ड्यूटी केव्हा सुटते हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही. सासूबाईंनी एवढं सगळं नवऱ्याकडून ऐकून घेतलं आणि समाधानाने मान हलवली. “मी सांगं ना, शनवारम्हाच काही शे,” त्या म्हणाल्या. मारुतीचं श्रेय त्यांनी कुणालाही दिलं नाही, आणि माझी मागायची हिंमतही झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मग नीट समजावलं. रोज सकाळी सात वाजता, भाकरी-तूप किंवा पोहे असं पोटभर खाऊन गोळी. शाळेचे शेवटचे दोन तास थोडे जड जातील, तेव्हा वर्गातल्या बाईंशी बोला. रात्रीची गोळी तूर्त चालू, काही आठवड्यांनी ती हळूहळू काढता येते का ते मी बघीन. “और दिन वाली?” मी विचारलं. “दिन वाली चलेगी,” त्या म्हणाल्या. पोरीने एकदम वर बघितलं. मला वाटलं घरी जायची घाई झाली असेल.

दुसऱ्या दिवसापासून नळाचं पाणी आणि गोळी एकाच वेळी यायला लागली. सासूबाई बादल्या भरता भरता ओरडायच्या, “ऊठ व माय, गोयी लेवाना टाइम व्हई ग्या!” जपाडानी-जागाडानी म्हणून नाक मुरडणारी हीच बाई, आता कुणी विसरलं तर घर डोक्यावर घ्यायची. नवऱ्याने रात्रपाळीवरून आल्यावर स्वतः पोहे करायला घेतले. ते पोहे कसे असत याविषयी मी काही लिहिणार नाही, माझा संसार अजून चालू आहे. शाळेतल्या बाईंनी शेवटच्या तासांना तिला वह्या गोळा करायचं, फळा पुसायचं काम दिलं. फळा इतका स्वच्छ शाळेने कधी पाहिला नव्हता म्हणे.

झोप लगेच जागेवर आली नाही. पहिला आठवडा वरखाली गेला. दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी मी दिवा मालवायला गेले तेव्हा नऊ वाजून गेले होते. सासूबाई अजून बाहेर ओट्यावर काकींशी बोलत होत्या. पोर कुशीवर वळून पडली होती, डोळे मिटलेले. मी सवयीने दाराशी उभी राहिले. आता माझा त्या मिटलेल्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता.

“आई, तू जा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आज खरी येतेय.”

“काय येतेय?”

“झोप. मागे मी खोटी खोटी करायचे.”

मी जाऊन तिच्याजवळ बसले. “का गं राणी?”

“त्या आंटी बोलल्या होत्या ना, झोप नाही आली तर दिवसाची गोळी बंद.” तिचं बोलणं जड व्हायला लागलं होतं. “मग मला परत कुणाचं काहीच पूर्ण ऐकू नसतं आलं. बाईंचं पण नाही. तुझं पण नाही. तू बोलतेस ना, ते मला आवडतं, शेवटपर्यंत...”

वाक्य तिथेच राहिलं. श्वास लांबला. तोंड जरासं उघडं पडलं आणि नाकातून तो बारीक आवाज यायला लागला.

महिनाभर आम्ही तिच्या गोळीवर भांडत होतो. मी, नवरा, सासूबाई, डॉक्टरीणबाई, शेजारची काकीसुद्धा. ती गोळी तुला हवी आहे का, हे आमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं. आणि ती आठ वर्षांची पोर, दोन मिनिटं एका जागी न बसणारी, रोज रात्री तासन् तास न हलता पडून राहिली होती, का तर मी बोललेलं तिला ऐकायचं होतं. मला रडू आलं, आणि त्या रडण्याइतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. मला तिला कितीतरी सांगायचं होतं. या पोरीने झोपावं म्हणून मी काय काय केलं होतं, आणि आता ती गाढ झोपली होती तर मला तिला हलवून उठवावंसं वाटत होतं.

मी उठवलं नाही. सकाळी पाणी यायच्या आधी मीच तिला जागं करायचं ठरवलं आणि दिवा मालवला.